दहा रुपयांच्या पोळीतले ८७ पैसे

पत्र थोडक्यात : डोंबिवलीच्या एका ताईंनी लिहिलंय. नाव छापू नका, अशी विनंती आहे. वय ५२. गेली अकरा वर्षं त्या भाड्याच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र चालवतात. हाताखाली पाच जणी. दोघी पोळ्या करतात, त्यांना महिन्याला ९,००० रुपये. भाज्या करणारीला १०,५००. निवडणं-चिरणं आणि भांडी बघणारीला ८,०००. काउंटरवरच्या मुलीला ९,५००. वेळ सकाळी ७ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते साडेआठ. सोमवारी बंद. दिवसाला साधारण ८०० पोळ्या खपतात, दहा रुपयाला एक.

गेल्या महिन्यात पोळ्या करणाऱ्या दोघींपैकी एकीनं सगळ्यांच्या वतीनं प्रत्येकी ३,००० रुपयांची वाढ मागितली. ती टिटवाळ्याहून येते. घरमालकानं भाडं वाढवलंय, मुलगा दहावीला आहे, क्लासची फी आहे. 'काकू, सरकारनं ठरवलेला पगारसुद्धा आपल्याकडे मिळत नाही, माझा भाऊ सांगत होता,' असंही ती म्हणाली. ताईंना ते लागलं. त्या लिहितात : 'मी त्यांना घरच्यासारखं वागवते. उचल देते, दिवाळीला साडी देते, कुणाचं आजारपण असलं तर पैसे कापत नाही. गाळ्याचं भाडं, गॅस, तेल सगळं वाढलंय. पोळी अकरा रुपये केली तर पुढच्या गल्लीत नऊ रुपयांत मिळतेय. यजमान म्हणतात, त्यांना कुणी जबरदस्ती केलीय का? दीड हजार सरकार देतंय, रेशन फुकट आहे, आणखी काय हवं? जी बोलली तिला काढ, बाकीच्या गप्प आहेत. मला तसं करवत नाही. पण वाढ दिली तर केंद्र बुडेल अशी धास्ती वाटते. मी वाईट मालकीण आहे का?'

---

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळली. घड्याळ समोर ठेवून एक तास पोळ्या केल्या. २६ झाल्या. शेवटच्या पाच-सहा वेड्यावाकड्या, कारण मनगट भरून आलं होतं. तुमच्याकडची पोळ्या करणारी प्रत्येक जण दिवसाला ४०० करते. साडेआठ तासांत, म्हणजे तासाला ४७, आणि तव्यापुढे उभं राहून. हे मला कागदावर कळलं असतं, पण हाताला कळायला हवं होतं.

मग तुमचेच आकडे घेऊन भागाकार केला. ९,००० भागिले २६ दिवस म्हणजे दिवसाला ३४६ रुपये. भागिले ४०० पोळ्या. एका पोळीमागे लाटणारीच्या हातात ८७ पैसे पडतात. पोळी विकली जाते दहा रुपयांना. बाकीचे नऊ रुपये तेरा पैसे तुमच्या खिशात जातात असं मी मुळीच म्हणत नाही. त्यात पीठ आहे, तेल, गॅस, गाळ्याचं भाडं, वीज, बाकी तिघींचे पगार, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही आहात. पण हा ८७ पैशांचा आकडा तुम्ही कधी काढला होता का? माझा अंदाज, नाही. पीठ किलोमागे दोन रुपयांनी वाढलं तर ते पोळीला किती पडतं, हे तुम्हाला तोंडपाठ असणार. गंमत म्हणून विचारत नाही. मला वाटतं, तुमच्या सगळ्या धास्तीचं मूळ इथंच आहे.

तुम्ही लिहिलंय, 'सगळं वाढलंय, आता पगार कुठून वाढवू?' या वाक्यात पगार सगळ्यांत शेवटी येतो. भाडं देऊन, सिलिंडर घेऊन, किराणा भरून जे उरेल त्यातून तो द्यायचा. एकोणीस किलोचा सिलिंडर महागला की पुरवठादार तुम्हाला 'ताई, या महिन्यात जमेल का' असं विचारत नाही. भाव कळवतो, तुम्ही देता. गाळामालक करार संपला की दहा टक्के वाढवतो, तुम्ही कुरकुरता आणि देता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तेल चढलं, तेव्हाही तुम्ही तेल बंद केलं नाही. विचारून, घासाघीस करून, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून जी एकच गोष्ट थांबवता येते, ती बायकांचा पगार. म्हणून तीच थांबते. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. त्या ऐकून घेतात म्हणून.

तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, मी ती अधोरेखित करून ठेवली आहे : दोन वर्षांपूर्वी पोळी आठची दहा केली आणि तेव्हा सगळ्यांना पाचशे रुपये वाढवले. ८०० पोळ्यांवर दोन रुपये म्हणजे दिवसाला १,६००, महिन्याला ४१,६००. पाच जणींना मिळून २,५००. उरलेले गॅसनं, पिठानं, भाड्यानं नेले असतील, मला शंका नाही. पण तुमच्या पोळीचा भाव दोन वर्षांत पंचवीस टक्क्यांनी वाढला आणि लाटणारीचा पगार सहा टक्क्यांच्या आत. ती टिटवाळ्यात जी डाळ, जे तेल, जी भाजी घेते, ती तुमच्या केंद्राच्या बाजारातलीच आहे. शिवाय पगार जितका लहान, तितका त्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. म्हणून भाज्या कडाडल्या की तुम्हाला चटका बसतो आणि तिचं महिन्याचं गणितच मोडतं.

आता तिच्या भावाच्या बोलण्याकडे वळते. तो बरोबर आहे, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली. आमच्याकडे पाचच माणसं, आम्हाला कसला कायदा, असं पुष्कळ लहान मालकांना वाटतं. भविष्य निर्वाह निधीला आणि राज्य विमा योजनेला माणसांच्या संख्येची अट आहे, किमान वेतनाला नाही. एक माणूस कामाला असला तरी ते लागू होतं.

महाराष्ट्रात त्याचा दर दोन तुकड्यांत असतो. एक मूळ दर, आणि दुसरा विशेष भत्ता, जो दर जानेवारीत आणि जुलैत ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत आणि गावा-शहरांची परिमंडळं आहेत. मी इथे आकडा छापत नाही, कारण तो दर सहा महिन्यांनी जुना होतो आणि आपण उपाहारगृहात मोडतो की दुकाने-आस्थापनांत, यावरही तो ठरतो. कल्याणच्या किंवा ठाण्याच्या सरकारी कामगार कार्यालयात चौकशी करा, किंवा कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर चालू सहामाहीचा तक्ता बघा. तुमचे आकडे पाहता तो दर तुम्ही देता त्याच्या वर निघेल, अशी मनाची तयारी ठेवा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते : त्या दरापर्यंत हप्त्याहप्त्यानं पोचू, अशी सवलत कायद्यात नाही. कामगारानं 'चालेल मला कमी' असं लिहून दिलं तरी ते लिहिणं निरर्थक ठरतं. तक्रार झाली तर फरक भरावा लागतोच, शिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. भीतीपोटी तुम्ही हे करावं अशी माझी इच्छा नाही. पण माहिती नव्हती, असंही उद्या व्हायला नको.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मात्र मला टाळायचा नाही, कारण तो प्रत्येक घरात विचारला जातो. 'त्यांना कुणी जबरदस्ती केलीय का?'

या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली उत्तर दिलंय. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि पूल बांधले जात होते. त्या बांधकामावरच्या मजुरांचा दर तेव्हा दिवसाला सव्वानऊ रुपये होता, आणि मुकादम त्यातला एक रुपया दस्तुरी म्हणून कापून घेत होते. मजुराच्या हातात सव्वाआठ. प्रकरण पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं न्यायालयात नेलं. मजूर आपल्या पायांनी कामावर आले होते, कुणी दंडुका घेऊन उभा नव्हता. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात म्हटलं की भूक आणि गरिबी हीसुद्धा जबरदस्तीच आहे. जो माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबायला तयार होतो तो राजीखुशीनं होत नाही, आणि म्हणून ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमात बसणारी वेठबिगारी आहे. वेठबिगारी हा शब्द जड आहे, तुम्हाला तो झोंबेल. मी तुम्हाला सावकाराच्या रांगेत बसवत नाही. पण तिनं 'हो' म्हणण्याआधी तिच्यापुढे दुसरं काय होतं, एवढं यजमानांना शांतपणे विचारा.

दीड हजारांचं आणि रेशनचं म्हणाल तर, लाडकी बहीणचे १,५०० आणि शिधापत्रिकेवरचं माणशी पाच किलो धान्य तिला नागरिक म्हणून मिळतं, तुमच्याकडे पोळ्या करते म्हणून नाही. ते तुम्ही पगारातून वजा करायला निघालात, तर सरकारनं ते पैसे तिला दिले नाहीत, तुमच्या केंद्राला दिले, असा त्याचा अर्थ होतो. ज्या कुटुंबाला हातभार म्हणून ते सुरू झालं, त्याच्या हाती काही उरत नाही.

'घरच्यासारखं' या शब्दापाशी थोडं थांबते. उचल देणं, आजारपणात पगार न कापणं, हे तुम्ही मनापासून करता, आणि त्याची किंमत त्या बायकांना ठाऊक असणार. पण उचल का लागते, याचा विचार करा. महिन्याच्या वीस तारखेला ती 'काकू, दोन हजार द्या ना' म्हणते, कारण पगार वीस तारखेला संपलेला असतो. पुढच्या महिन्यात ते दोन हजार वळते होतात, मग पगार पंधरालाच संपतो. तुम्ही देता ती उचल तिच्याच पगाराची, फक्त आधी दिलेली, आणि त्यापायी तिला तुमच्यापुढे दर महिन्याला एकदा मान खाली घालावी लागते. पगार पुरेसा झाला की त्यातल्या बऱ्याच उचली आपोआप बंद होतील. मग तुम्ही देता ती साडी खरोखर साडी असेल.

किमान वेतन ठरवताना काय धरतात, हेही सांगते, कारण 'सरकार काहीतरी आकडा काढतं' असा समज आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात निकष ठरले. एका कमावत्यावर तीन 'खाणारी तोंडं' धरायची : कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्के भर घातली. म्हणजे हा चैनीचा हिशेब नाही, जेमतेम माणसासारखं जगण्याचा आहे. त्या कोष्टकातला 'बायको ०.८' हा आकडा मला दर वेळी खटकतो. तुमच्याकडे तव्यापुढे उभी आहे ती बाईच कमावती आहे, आणि दिवसाला ४०० पोळ्या करणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी भूक लागते, हे कुणी कसं ठरवलं?

आता तुमची खरी धास्ती : केंद्र बुडेल का?

अर्थतज्ज्ञांत यावर कित्येक दशकं वाद चालू आहे. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात, असं पाठ्यपुस्तक सांगायचं. अमेरिकेत १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं नेलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची फास्टफूड दुकानं मोजली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. या धर्तीच्या कामासाठी कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण ती साखळी दुकानं होती, पाच बायकांचा गाळा नव्हता. त्यावरून तुमचं केंद्र टिकेलच, असं मी म्हणणार नाही. वाढ एकदम फार मोठी आणि गिऱ्हाईक पातळ असेल तर लहान धंदा खरंच मोडू शकतो. म्हणून दुसऱ्याचा अभ्यास बाजूला ठेवून आपण तुमचीच वही उघडू.

पोळी अकरा रुपये. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही तर ८०० रुपये रोज, महिन्याचे २०,८००. पाच जणींना तीन-तीन हजार म्हणजे १५,०००. भागतं, वर ५,८०० उरतात.

पण काही गिऱ्हाइकं तुटणारच. वीस पोळ्यांतली एक कमी झाली असं धरा, म्हणजे ७६० खपल्या. गल्ला ८,३६० रुपये, आजच्यापेक्षा ३६० जास्त. शिवाय चाळीस पोळ्यांचं पीठ, तेल, गॅस वाचलं. पोळीला अडीच रुपये धरले तर शंभर रुपये. रोजचे ४६०, महिन्याचे जवळपास १२,०००. म्हणजे तीन हजार कमी पडतात. आणि दहातली एक पोळी कमी झाली तर? मग महिन्याला तीन हजारांच्या आसपासच हाती राहतात आणि नुसत्या पोळीच्या भावावर हिशेब बसत नाही. हे मी तुमच्यापासून झाकून ठेवत नाही.

तरी यात मी भाजीचा भाव धरलेलाच नाही. भाजीच्या वाटीला पाच रुपये वाढवले तर काय होतं, ते तुम्ही बघा. बटाट्याच्या भाजीवर नाही, भरल्या वांग्यावर किंवा उसळीवर वाढवा, ज्याला घरी वेळ लागतो म्हणूनच लोक तुमच्याकडे येतात. आणि हा सगळा हिशेब मी तीन हजार धरून केलाय. दराचा तक्ता हातात आला की खरा फरक घालून पुन्हा मांडा. कदाचित आकडा तीनचा चार किंवा पाच होईल. मग पोळी अकराऐवजी बाराची करावी लागेल का, हा प्रश्न येईल. तो यायचाच असेल तर वहीत आधी यावा, सहा महिन्यांनी गल्ल्यात येण्यापेक्षा बरा.

पुढच्या गल्लीतल्या नऊ रुपयांच्या पोळीबद्दल मला एकच विचारायचंय : ती दोन वर्षं नऊला मिळतेय ना? मग तुमचं गिऱ्हाईक आधीच एक रुपया जास्त देऊन तुमच्याकडे का येतंय? त्या कारणाला तुम्ही अकरा वर्षांत नाव दिलेलं नाही. माझ्या मते ते नाव त्या दोन बायकांचं आहे. पोळी मऊ राहते, डब्यात संध्याकाळपर्यंत चामट होत नाही, ते त्यांच्या हातामुळे. 'जी बोलली तिला काढ' हा सल्ला धंद्याच्या दृष्टीनंही वाईट आहे. नवीन बाई येईल, पहिले दोन महिने पोळ्या जाड-पातळ होतील, आणि तेव्हा गिऱ्हाईक खरंच नऊ रुपयांकडे जाईल. आणि बाकीच्या चौघी गप्प आहेत, त्या समाधानी आहेत म्हणून नाही. तिचं काय होतंय ते बघतायत.

अकरा रुपये सुट्ट्यांना अडचणीचे, असं पूर्वी म्हणता आलं असतं. आता निम्मी गिऱ्हाइकं भिंतीवरचा कोड स्कॅन करून पैसे देतात, त्यांना दहा काय आणि अकरा काय. गाळ्यावर एक पाटी लावा, साध्या अक्षरात : 'एक तारखेपासून पोळी ११ रुपये. वाढलेला रुपया इथे काम करणाऱ्या ताईंच्या पगारात जाणार.' मात्र पाटी लावली तर तो रुपया खरोखर तिथेच गेला पाहिजे, गाळ्याच्या भाड्यात नाही. डोंबिवलीत सकाळी सात-वीसची लोकल धरणारी माणसं तुमची गिऱ्हाइकं आहेत. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःच्या पगारवाढीची वाट बघणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. जी दोन-चार म्हातारी जोडपी रोज चारच पोळ्या नेतात आणि पेन्शनवर जगतात, त्यांना जुन्या भावात देत राहा. त्याचा महिन्याचा फरक एका जोडप्यामागे १०४ रुपये आहे, तो तुम्हाला पेलेल.

आणि ताई, तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या पगाराचा आकडाच नाही. 'उरेल ते माझं' असं तुम्ही लिहिलंय. पहाटे पाचला भाजी आणायला मंडईत कोण जातं? रात्री दहाला हिशेब कोण करतं? म्हणजे त्या गाळ्यात पाच नव्हे, सहा बायका स्वस्तात राबतायत, आणि त्या सगळ्यांनी मिळून डोंबिवलीकरांची पोळी दहा रुपयांवर धरून ठेवली आहे. वहीत सगळ्यांत वर सहा पगार लिहा, तुमच्यासकट. मग भाडं, मग किराणा. मग पोळीचा भाव काय यायला हवा ते बघा. तो आकडा पाहून आधी धक्का बसेल. पण तोच तुमच्या पोळीचा खरा भाव आहे. आजपर्यंत त्यातला फरक सहा जणी आपल्या अंगावर घेत आल्या आहेत.

सोमवारी केंद्र बंद असतं. एखाद्या सोमवारी नको, तो त्यांचा हक्काचा दिवस आहे. मंगळवारी दुपारी पाचही जणींना बसवा, चहा करा आणि ही वही त्यांच्यापुढे ठेवा. एकीला बाजूला घेऊन बोलू नका, त्यानं ती एकटी पडते. आकडे दाखवायला लाजू नका. पोळ्या करणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही, असा समज असेल तर तो त्या दिवशी जाईल. कदाचित त्याच सुचवतील की दुपारी उरलेल्या पोळ्या फेकण्यापेक्षा फोडणीची पोळी करून विकूया. कोणत्या तारखेपासून किती, हे कागदावर लिहा. पगार बँकेत जमा करा, छोटी का होईना पगारचिठ्ठी द्या, हजेरीचं रजिस्टर ठेवा. ते त्यांना खोली भाड्यानं घेताना उपयोगी पडतं आणि तुम्हाला उद्या तपासणी आली तर. जादा कामाचा दर दुप्पट असतो, तेव्हा साडेआठ तासांतला शेवटचा अर्धा तास जादा कामात धरतात का, हेही कामगार कार्यालयात विचारून घ्या. धरत असतील तर तो दर द्या, नाहीतर साडेआठऐवजी आठला शटर ओढा. आणि दर जानेवारी-जुलैत नवा तक्ता बघायचा, असं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. म्हणजे वाढ मागायला कुणाला तोंड उघडावं लागणार नाही.

वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा पाचही जणींचा तुम्ही उतरवलात तर शंभर रुपयांत प्रत्येकीला अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दोन लाखांपर्यंतचं कवच मिळतं. उकळतं तेल आणि रोजची लोकल, दोन्ही त्यांच्या वाट्याला आहेत. पगाराऐवजी मात्र हे नको, पगाराशिवाय.

हे सदर वाचणाऱ्यांत अशा पुष्कळ जणी असतील ज्यांचं केंद्र नाही, पण घरी पोळ्यांना, धुण्याभांड्यांना बाई येते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'कुणी एका कामाचे बाराशेच्या वर देऊ नका, रेट बिघडतो' असे निरोप फिरतात, ते मी वाचलेत. ज्या गटावर देखभाल खर्चाची वाढ दर वर्षी एका बैठकीत मंजूर होते, त्याच गटावर हे लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, तुमच्याकडे येणाऱ्या बाईची तिथे नोंदणी झालीय का ते विचारा आणि नसेल तर फॉर्म भरायला मदत करा. आणि वर्षातला एक महिना ठरवा, ज्यात तिनं न मागता पगार वाढेल.

तुम्ही वाईट मालकीण आहात का, असं विचारलंत. वाईट माणसाला ते पत्र लिहायला रात्री साडेअकरा वाजता बसवत नाही. ते उत्तर तुम्हाला माझ्याकडून नको होतं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मला पत्रातून कळली नाही आणि ती मला छळतेय. सकाळचं काम बाराला संपतं, संध्याकाळचं पाचला सुरू होतं. टिटवाळ्याला जाऊन परत यायचं तर दोन तास गाडीत आणि स्टेशनवर जातात. मग ती ते पाच तास कुठे असते? गाळ्यातच बसते? पाठ टेकायला जागा आहे? पंखा चालू असतो की तोही बाराला बंद होतो? एकीनं सकाळपासून दुपारी तीनपर्यंत सलग आणि दुसरीनं दुपारपासून रात्रीपर्यंत, अशी पाळी लावता येते का ते बघा; सकाळच्या गर्दीला तासभर तुम्ही स्वतः तव्याशी उभ्या राहिलात तर जमेल. त्या पाच तासांचे पैसे तिला कुणी देत नाही, पण ते तिच्या दिवसातून जातात. मंगळवारच्या चहाला आधी हेच विचारा, आणि काय म्हणाली ते मला कळवा.